लॉबीतली केळ

सिंगापुरात हिवाळा नसतो असं सगळे म्हणतात. म्हणू देत. मी तो पाहिलाय. तांजोंग पगारला एका उंच काचेच्या इमारतीच्या लॉबीत तो सोमवारी सकाळी सुरू व्हायचा आणि शनिवारी दुपारी एसी बंद झाला की संपायचा. शाळा सुटली की मी टॅम्पिनीसहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तिकडे जायचे. स्टेशनपासून चालत जाईपर्यंत युनिफॉर्म घामाने भिजलेला असायचा, आणि लॉबीचं फिरतं दार ढकलून आत पाऊल टाकलं की तोच युनिफॉर्म गार पडून पाठीला असा चिकटायचा की माझे दात वाजायला लागायचे. आत आई असायची. अंगात कंपनीचा हिरवा टी-शर्ट, त्यावर पुण्याहून आणलेला मरून स्वेटर, हातात पाणी फवारायची बाटली. तिच्याभोवती तिची बाग असायची, आणि ती बाग रोज थोडी थोडी मरत असायची.

ह्या बागेची गंमत मला तेव्हा नीटशी कळली नव्हती, आता कळते आणि हसू येतं. बाहेर रस्त्याच्या कडेला, बसस्टॉपमागे, नाल्याच्या काठाला केळी, कर्दळी, अळू, पाम नुसते माजलेले. कोणी पाणी घालत नाही, कोणी बघत नाही, तरी वाढतात. पण इमारतीच्या मालकांना हवी होती आत बाग, अगदी उष्ण प्रदेशातल्या समुद्रकिनारच्या रिसॉर्टसारखी, हिरवीगार, पानं हातभर रुंद. आणि त्याच लॉबीत कोट घालून, टाय बांधून बसणाऱ्या मंडळींना घाम येता कामा नये, म्हणून एसी असा की पेंग्विननेही शाल मागावी. म्हणजे गरम देशात गारठा विकत घ्यायचा आणि त्या गारठ्यात गरम देशाची बाग लावायची. बाबा म्हणायचे, "ह्याला म्हणतात श्रीमंती. तुला-मला नाही परवडायची."

बाबा तिथून दोन रस्ते पलीकडे एका बँकेत हिशेब बघायचे. पुण्याचा माणूस, सदाशिवपेठी, आयुष्यात कधी रांग मोडली नाही आणि कधी कोणाला मोठ्या आवाजात हाक मारली नाही. "उगाच कशाला" हे त्यांचं आवडतं वाक्य. आमचा फ्लॅट टॅम्पिनीसला अकराव्या मजल्यावर होता. सकाळी शेजारच्या चिनी आजीच्या घरातून लसूण तळल्याचा वास आला की आमच्याकडे कुकरची शिट्टी व्हायची, आणि संध्याकाळी सातला आई देवापुढे धुपाटणं फिरवायची. नारळाची शेंडी ती कधी टाकायची नाही, वाळवून डब्यात भरून ठेवायची. निखाऱ्यावर शेंडी, वर चिमूटभर ऊद, की सगळा फ्लॅट धुराने भरायचा. मी कुरकुरायचे, "आई, सो स्मोकी लाह!" आणि ती म्हणायची, "गप. डास जातात आणि घरात कोणी राहतंय असं वाटतं."

आई बॉटनीत एमएस्सी. रावेरजवळच्या गावची, केळीवाल्याची मुलगी. लग्न करून इथे आली आणि कितीतरी वर्षं बाबांच्या नोकरीच्या पासवर 'डिपेंडंट' म्हणून घरात बसली. कॉरिडॉरमध्ये कुंड्या ठेवायची, तर शेजाऱ्यांची सायकल अडायची. तुळस, कढीपत्ता, गवती चहा एवढ्यावर भागवायची. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, झालो आणि तिला ऑफिसांमध्ये झाडं लावणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं, तेव्हा तिने पहिल्या दिवशी सकाळी उठून स्वतःला ओवाळून घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. लॉबीची सगळी बाग तिच्या एकटीच्या ताब्यात दिली होती. त्या रात्री जेवताना ती बाबांना म्हणाली, "माझी बाग बघायला या एकदा." "माझी बाग" हे दोन शब्द ती किती जपून उच्चारायची, ते मला आजही ऐकू येतं.

कंपनीची रीत सरळ होती. झाड सुकलं की काढायचं, नर्सरीच्या ट्रकमधून नवं आणून त्याच खड्ड्यात बसवायचं. ट्यूबलाइट बदलावी तसं. झाडं जगवायला नव्हतीच ठेवली, दिसायला ठेवली होती. आईला हे पटेना. दर पंधरवड्याला मेलेल्या हेलिकोनिया ट्रॉलीवर घालून मागच्या दाराने नेताना ती अशी चालायची की जणू कोणाच्या मयताला निघालीय. तिने पानांच्या कडा का करपतात ते शोधलं. दारातून येणारी गरम हवा, छतातून खाली सुटणारा गार झोत, मुळांशी गारठलेलं पाणी. मग ती पँट्रीतून किटलीभर कोमट पाणी आणून कुंड्यांत घालायला लागली. घरून जुन्या सुती साड्यांची गोधडी आणली आणि संध्याकाळी अळवाच्या कुंड्यांना गुंडाळून ठेवायला लागली. सिक्युरिटीचे अंकल, एक म्हातारे मलाय गृहस्थ, बघून हसायचे आणि म्हणायचे, "आंटी, प्लांट ऑल्सो स्लीपिंग आह?"

एकदाच मी तिला इमारतीच्या मॅनेजरशी बोलताना ऐकलं. मिस्टर को माणूस वाईट नव्हते. त्यांच्या खांद्यावरही लोकरीचं जॅकेट होतंच.

"सर, फक्त दोन डिग्री वाढवा," आई इंग्रजीत म्हणाली. "नाहीतर निदान त्या केळीवरचा झोत तरी वळवा. मी तिथे एक पडदा लावते."

"पडदा कॅनॉट, मॅडम. मागे कंपनीचा लोगो."

"मग दोन डिग्री?"

"टेनंट कम्प्लेन. वन डिग्री आय चेंज, टेन पीपल कॉल." त्यांनी हात पसरले. "आय ऑल्सो कोल्ड, यू नो. व्हॉट टू डू?"

आणि खरोखरच काही करण्यासारखं नव्हतं. त्यांना थंडी वाजत होती, आईला वाजत होती, झाडांना वाजत होती, रिसेप्शनवरची मुलगी शाल पांघरून बसायची, आणि तरी ती थंडी कोणाच्याच हातात नव्हती. शनिवारी दुपारी एसी बंद झाला की सोमवारपर्यंत बाग श्वास घ्यायची. सोमवारी सकाळी पानं जरा टवटवीत दिसायची, आई खूश व्हायची, आणि मंगळवारी परत ये रे माझ्या मागल्या.

त्या वर्षी शाळेच्या सुट्टीत नाना आले. नाना म्हणजे आईचे वडील. सत्तरी ओलांडलेले, काटक, डोक्यावर टोपी, सहाफुटी देह. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते. त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि खाणं जास्त. ज्वारीचे बिबड्याचे पापड, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, केळीचे वेफर, आणि स्वतः भाजून कुटलेला काळा मसाला. आई पहाटे उठून कळण्याची भाकरी थापायची, वरून कच्चं तेल, बाजूला ठेचा. नाना बोटाने तेल पसरत म्हणायचे, "सुरे, भाकर तर जमली. पण ह्या भाकरीले भूक नाही लागून राह्यली मले. इथं बसून बसून काय भूक लागणार?" अकराव्या मजल्यावर माणसाने करायचं काय? खिडकीतून खाली बघायचं, लिफ्टची बटणं मोजायची, बाबांनी इंग्रजी पेपर वाचून दाखवला की मान डोलवायची. दोन दिवसांत नाना घायकुतीला आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी येतो तुह्याबरोबर कामावर. कोपऱ्यात बसून राहीन. बोलणार नाही."

मीही गेले. सुट्टीच होती. लॉबीत पाऊल टाकल्याबरोबर नानांनी खिशातून कानटोपी काढून टोपीवरून चढवली. "काय थंडी लावून ठेवली बापा ह्या लोकांनी! पौषातली थंडी. आणि पैसे देऊन?" मग त्यांनी बाग बघितली. हात मागे बांधून, शेतात बांधावरून फेरी मारावी तशी त्यांनी संथपणे एक फेरी मारली. प्रत्येक कुंडीपाशी थांबले, पान उलटून बघितलं. फेरी संपल्यावर आईला म्हणाले, "ही सगळी तुही?"

"माझीच," आई म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला मामीकडून कितीतरी नंतर कळली. एमएस्सी झाल्यावर आईने नानांना विचारलं होतं, "बाग मी बघू का? दादाला नाही आवडत शेती." आणि नाना म्हणाले होते, "पोरीच्या नावानं कोणी बाग लावतं का? उद्या तू जाशील, बाग काय कमरेला बांधून नेशील?" बाग मामाकडे गेली. आईने त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. म्हणून त्या सकाळी लॉबीत "माझीच" म्हणताना तिची हनुवटी जरा वर होती, आणि नाना खाली फरशीकडे बघत होते.

बागेच्या मधोमध एक केळ होती. मोठ्या कुंडीत, छतातल्या काचेखाली, आणि नेमकी गार झोताच्या तोंडाशी. आईने ती कंपनीला बदलू दिली नव्हती. दोनदा ट्रक आला, दोनदा तिने परत पाठवला. नर्सरीतून आली तेव्हाच पोटुशी होती, आई म्हणायची. आत घड भरलेला होता, नुसता बाहेर यायचा होता. आमच्याकडे केळीतून फूल बाहेर पडलं की केळ निसवली म्हणतात. ही निसवेना. वरच्या पानांच्या बेचक्यात जांभळ्या फुलाचं टोक दिसायचं, बोटभर, आणि तिथंच थांबलेलं. नानांनी कुंडीच्या काठावर चढून बघितलं, बोट लावून बघितलं आणि खाली उतरले.

"घशात अडकलं," ते म्हणाले. "थंडीनं नरडं आवळलं तिचं. आपल्याकडं पौषात होते असं. ना बाहेर येणार, ना मागं जाणार. आतल्या आत सडून जाईल."

"मला माहितेय, नाना."

"मग काय करून राह्यली?"

"काय करू?" आई एकदम ओरडली. लॉबीत दोन कोटवाले वळून बघायला लागले. तिने आवाज खाली आणला. "कोमट पाणी घालते. गुंडाळते. ह्याउप्पर काय करू सांगा ना मला!"

सोमवारी इमारतीचे मालक बाहेरगावाहून येणार होते. बाग बघायची, ठेवायची की काढायची, ते ठरवायला. कंपनीच्या साहेबाने आईला स्पष्ट सांगितलं होतं, ह्या वेळी बाग मेलेली दिसली तर ते प्लास्टिकची झाडं लावणार आहेत, आणि प्लास्टिकला माळी लागत नाही. तो बुधवार होता. गुरुवारी आणखी दोन कर्दळी काळ्या पडल्या. फुलाचं टोक तसूभरही हललं नाही. गुरुवारी संध्याकाळी घरी धुपाटणं फिरवताना आईचा हात थांबला आणि नाना तिच्याकडे बघत होते. मी सोफ्यावर होते. दोघं मग त्या धुराकडे बघत राहिले.

केळीच्या मुलखात कडक थंडी पडली की बागेच्या कडेने काडीकचरा पेटवतात. जाळ नाही करायचा, धूर करायचा. तो धूर बागेवर गोधडीसारखा पसरतो आणि थंडी खाली उतरू देत नाही. नानांनी उभा जन्म हे केलं होतं, त्यांच्या वडिलांनी केलं होतं, आणि आई लहानपणी त्यांच्या मागून पाचटाची टोपली घेऊन फिरली होती. शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं ऑफिसं उघडायच्या आधी लॉबीत पोचलो, तेव्हा नानांच्या वायरच्या पिशवीत आमचं धुपाटणं होतं, शेंडीचा डबा होता, आणि केळीची वाळलेली पानं होती जी त्यांनी ब्लॉकच्या खालच्या बागेतून गोळा केली होती.

"नाना, इथं नाही चालत," आई म्हणाली.

"थोडासा. फुलापुरता. दोन मिनिटं. ह्या एवढ्या मोठ्या खोलीत काय कळते कोणाले?" त्यांनी धुपाटणं कुंडीतल्या मातीवर, बुंध्याच्या आडोशाला ठेवलं, शेंडी रचली, पानं चुरडली. मग कंबर धरून उभे राहिले आणि हात पुढे केला. "सुरे, काडी दे."

आईजवळ लायटर असायचा. झाडं बांधायच्या नायलॉनच्या दोरीची टोकं वितळवायला. तिने वर छताकडे बघितलं. छत चार मजले उंच होतं आणि तिथे काय काय बसवलेलं असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं, कामाला लागल्यावर तिला त्याचं ट्रेनिंग दिलं होतं. मग तिने त्या अडकलेल्या फुलाकडे बघितलं. मी म्हणाले, "आई, डोन्ट." मला वाटतं मी ते मोठ्याने म्हणाले. ती माझी आई, जी मला रस्ता सिग्नलशिवाय ओलांडू द्यायची नाही, तिने खिशातून लायटर काढला, नानांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "थोडासाच हं, नाना."

धूर छान झाला, हे मात्र सांगायला हवं. पांढरा, दाट, संथ. केळीच्या बुंध्याला वेटाळून वर चढला, पानांखाली साचला, आणि क्षणभर त्या लॉबीला आमच्या टॅम्पिनीसच्या घरासारखा वास आला. नाना तोंडातल्या तोंडात "हां, हां, आस्ते" म्हणत टोपीने वारा घालत होते. आईच्या चेहऱ्यावर मी असं काही बघितलं जे आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. ती नऊ-दहा वर्षांची दिसत होती. मग सगळीकडे एकदम घंटा वाजायला लागल्या.

पुढचं काय सांगायचं! आगीचे बंब आले, दोन आले. लवकर आलेली ऑफिसची माणसं हातात कॉफीचे कप घेऊन फुटपाथवर उभी राहिली, सकाळच्या दमट उकाड्यात कोट काढायला लागली. नाना कानटोपी घालून त्या सगळ्यांच्या मध्ये, बगलेत वायरची पिशवी. जो दिसेल त्याला ते छातीवर हात ठेवून सांगत होते, "मैंने किया. इसको मालूम नहीं. मैं बुड्ढा आदमी, मैंने किया." आणि त्यांच्या मागून आई सांगत होती, "मी दिला लायटर. माझा लायटर होता." मिस्टर को दोघांच्या मध्ये उभे होते. त्यांनी धुपाटणं हातात धरलं होतं, आणि ते कोणाच्या हातात द्यावं हे त्यांना कळत नव्हतं. "मॅडम," ते एवढंच म्हणाले, "मॅडम, व्हाय?" तेवढ्यात रस्त्यापलीकडून बाबा धावत आले. बाबा धावलेले मी तेव्हा एकदाच पाहिले. त्यांना बँकेत जाताना बंब दिसले होते. त्यांनी आधी मला चाचपलं, मग आईला, मग नानांच्या पायांकडे बघितलं. नाना अनवाणी होते, चपला आत कुंडीपाशीच राहिल्या होत्या. बाबांनी स्वतःचे बूट काढून त्यांच्यापुढे ठेवले. "उगाच कशाला" सुद्धा म्हणाले नाहीत.

दुपारपर्यंत आईची नोकरी गेली होती. सोमवारी येऊन इमारतीत यायचा पास परत द्या, म्हणाले. घरी आल्यावर बाबांनी चहा केला. चहा फार गोड झाला होता. नाना गॅलरीकडे तोंड करून बसले होते. तिकडेच बघत म्हणाले, "एक बाग तुले दिली नाही, आणि एक होती ती घालवली." आई म्हणाली, "नाना, चहा घ्या." त्यांनी घेतला नाही. ती कपबशी तशीच तिथे साय धरून राहिली. मी माझ्या खोलीत गेले आणि उशीत तोंड घालून रडले. चौदा वर्षांच्या मुलीला त्या घरात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आता सोमवार. मी आईबरोबर गेले. दार ढकललं आणि आत गरम होतं. मला आधी वाटलं चुकीच्या इमारतीत आलो. धोक्याची घंटा झाली की एसी आपोआप बंद पडतो, आणि पुन्हा तपासणी झाल्याशिवाय सुरू करत नाहीत. तपासणी शनिवार-रविवारमुळे राहून गेली होती. म्हणजे शुक्रवार सकाळपासून लॉबीत सिंगापूर होतं. नुसतं सिंगापूर. आणि केळ निसवली होती. फूल घशातून सुटून बाहेर आलं होतं, देठ वाकला होता, आणि जांभळं कमळ खाली मान घालून लोंबत होतं, माझ्या दोन्ही हातांच्या ओंजळीएवढं. आई त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याला हात लावला नाही. कुंडीच्या काठाला धरून उभी राहिली. मग रिसेप्शनवरच्या मुलीला विचारून तिने घरी फोन लावला.

"नाना, निसवली."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं, नाना फोनवर नेहमी शेतातून हाक मारल्यासारखं बोलायचे. "वाकलं का? खाली वाकलं का?"

"वाकलं."

"मग आता त्याले कोणाचा बाप नाही अडवू शकत."

मागच्या दाराशी माणसं ट्रॉली घेऊन उभी होती. मालकांचं ठरलं होतं. मिस्टर को खाली मान घालून म्हणाले की दुपारी काढतील सगळं. आईने विचारलं, निदान केळ मी घरी नेऊ का? ते म्हणाले, मॅडम, टॅम्पिनीस, अकरावा मजला, हाउ? आणि खरंच, कसं नेणार होतो आम्ही? दीड माणूस उंचीची केळ एमआरटीत? आईने पास दिला, सही केली आणि आम्ही निघालो. गाडी पाया लेबार स्टेशन ओलांडून गेल्यावर ती मला म्हणाली, "नानांना सांगायचं नाही. आपण गेल्यावर बाग तशीच ठेवलीय म्हणायचं. दुसरी बाई बघतेय म्हणायचं." मी मान हलवली.

नाना गावी परत जायच्या आदल्या दिवशी आई त्यांच्यासाठी चॉकलेटं आणायला खाली गेली होती. नाना मला म्हणाले, "चल, मले आणखी एकदा त्या आगगाडीत बसव." मला वाटलं फिरायचंय. तांजोंग पगार आलं तसे ते उठले. मी म्हणाले, "नाना, नको ना." ते उतरलेच. मी काय करणार? मागून गेले. एसी सुरू झाला होता. लॉबीत सगळं हिरवंगार होतं, एकही पान करपलेलं नाही, आणि मधोमध केळ होती, प्लास्टिकची, तिला प्लास्टिकचा घडसुद्धा. नानांनी कानटोपी घातली. जवळ जाऊन पान दोन बोटांत धरलं, चोळलं, सोडलं. सिक्युरिटी अंकलनी त्यांना ओळखलं आणि दुरून सलाम केला. मग नाना म्हणाले, "ही बरी. हिले थंडी वाजत नाही." परतताना गाडीत त्यांनी माझा हात धरला. "तुह्या मायले नको सांगू आपण आलो होतो."

मी त्यालाही मान हलवली.

त्यानंतर कितीतरी वर्षं दर रविवारी रावेरला फोन व्हायचा. मी डायनिंग टेबलवर अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलेली असायचे आणि मला आईचा आवाज ऐकू यायचा. "हो नाना, नऊ फण्या धरल्या... नाही, टेकू दिलाय... हो, त्या बाईला सांगितलंय मी." महिने सरले, तेव्हा फोनवरच घड कापला. ऑफिसात सगळ्यांना केळी वाटली, मिस्टर कोंनी दोन नेली. मग नाना पिलाचं विचारायला लागले, बुंध्याशी उगवणारं पील ठेवलं का, एकच ठेव, बाकीची काढ. आईने एकच ठेवलं. ते पील वाढलं, निसवलं, त्याचं पील, त्याचं पील. मधे एकदा कीड पडली तर दोघांनी तीन रविवार औषधावर वाद घातला. आईला कंपनीने परत घेतलं नव्हतं, ती एका बालवाडीत कामाला लागली होती. पण रविवारी अर्धा तास ती बागवाली असायची. मला दोघांची कीव यायची, राग यायचा, कधी कधी वाटायचं फोन हिसकावून ओरडावं, बास करा आता! पण ओरडून सांगणार कोणाला काय? एकाला सांगितलं तर दुसरा उघडा पडणार. मी पुस्तकाची पानं उलटत बसायचे. शेवटी आई फोन माझ्याकडे द्यायची, "नानांशी बोल." आणि नाना मला दर वेळी एकच विचारायचे, "काय बाई, मायच्या बागेले थंडी नाही ना वाजत?" मी म्हणायचे, "नाही, नाना." "मग झालं," ते म्हणायचे.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली, बाबाही गेले. माझी चाळिशी उलटली. आई माझ्याकडेच असते, सत्तरीला टेकलीय, गुडघे कुरकुरतात, धुपाटणं मात्र सोडलेलं नाही. परवा तिच्या दाताच्या डॉक्टरकडून येताना आम्ही त्या इमारतीवरून गेलो. आता तिथे भलतंच काहीतरी आहे, लॉबीत नुसता पांढरा संगमरवर. आई काचेला नाक लावून आत बघत उभी राहिली. मी छत्री धरून तिच्या मागे.

"एक बरं झालं बाई," ती म्हणाली. "नाना गेले ते बाग आहे असं समजूनच गेले. त्यांना कधी संशय आला असेल का गं?"

"नाही गं," मी म्हणाले. "मला तर ते प्रत्येक फोनवर विचारायचे, आईच्या बागेला थंडी वाजत नाही ना म्हणून."

"बघ," आई म्हणाली. तिने काचेवरचा आपल्या श्वासाचा डाग पदराने पुसला. "शेवटपर्यंत काळजी."